खडूच्या पुडीतली रेघ

अण्णा,

सोमवारी सकाळी घरातला जुना फोन वाजला. मुलगी म्हणते, काढून टाका तो, कोण वापरतं आता; पण तुमची सून ऐकत नाही, आणि त्याच्यावर हल्ली औषधांचं दुकान आणि विमा विकणारे सोडून कुणी फोन करत नाही. मी उचलणारच नव्हतो. उचलला, तर एका तरुण बाईचा आवाज. तिने माझं आडनाव तीन वेळा तीन तऱ्हांनी उच्चारलं आणि विचारलं, माझ्या आजोबांना एक रायफल विकली होती ते तुम्हीच का? म्हणाली, रायफलीच्या पेटीत तुमच्या हातची पावती सापडली, नंबर तिच्यावर होता. आजोबा मार्चमध्ये गेले. त्यांच्या आठवणीसाठी क्लबने येत्या शनिवारी मॅच ठेवलीय आणि मला त्यांच्याच रायफलने शूट करायचंय. ती कित्येक वर्षं कपाटातून बाहेर आलेली नाही, म्हणून विचारते. आणि मग तिने सरळ विचारलं, "इज इट ओके टु शूट?"

मी म्हणालो, जुने कागद बघतो आणि फोन करतो. अण्णा, कागद कसले डोंबलाचे! एकही कागद नाही. त्या रायफलीबद्दल जे काही आहे ते माझ्या डोक्यात आहे, आणि तुमच्या डोक्यात होतं. आज शुक्रवार. चार दिवस तिचा नंबर लिहिलेली चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून मी तिच्यासमोरून दूध काढतोय आणि दूध ठेवतोय. तुमच्या सुनेने दोनदा विचारलं, कुणाचा हो हा नंबर, आणि मी दोनदा म्हणालो, प्लंबरचा. बहात्तराव्या वर्षी बायकोला प्लंबरची थाप मारणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते तुम्हीच सांगायला हवं होतं. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही हे मला कळतं, मी अजून तेवढा खुळावलेलो नाही. पण ही गोष्ट माहीत असलेला दुसरा माणूस जगात नाही, आणि जे तुम्हाला माहीत आहे तेसुद्धा मी तुमच्यापाशी एकदाही कबूल केलेलं नाही. तेव्हा पहिल्यापासून सांगतो, ऐकून घ्या.

तुम्ही इकडे परदेशात आमच्याकडे आलात तो शहाऐंशीचा सप्टेंबर. आई जाऊन वर्ष झालं होतं. प्लेनोतल्या आमच्या घरामागे तेव्हा कापसाचं शेत होतं. आता तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि मधोमध कारंजं. तुम्ही पहाटे पाचला उठायचात, कारखान्याचा भोंगा अजून तुमच्या कानात वाजत असल्यासारखे, आणि आंघोळ करून पुढच्या खिडकीशी बसायचात. संध्याकाळी मी आलो की तक्रार तयार: "अरे, दिवसभरात एक माणूस पायी जाताना दिसला नाही. गाव आहे की गाड्यांचा तबेला?" मला राग यायचा. खरं तर मलाही तसंच वाटायचं, पण तुम्ही म्हणालात की राग यायचा. तुमच्याशी बोलायला माझ्याकडे विषयच नव्हता. आणि मग मी तुम्हाला सांगितलं की मी एक रायफल बनवून घेतोय. ऑफिसातल्या एकाने मला टार्गेट शूटिंगचा नाद लावला होता. सहाशे यार्डांवरच्या कागदावर नेम धरायचा, बाकी काही नाही, ससासुद्धा मारायचा नाही. मराठी मंडळातल्या काकू म्हणायच्या, अहो, टेनिस खेळा की चार लोकांसारखे. तुम्ही मात्र खुर्चीत ताठ बसलात. एकतीस वर्षं सरकारी रायफलींच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढलेला माणूस तुम्ही. म्हणालात, "मला घेऊन चल." इतक्या दिवसांत तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी मागितलंत, आणि मला किती बरं वाटलं ते मी तेव्हा बोललो नाही.

म्हाताऱ्याचं दुकान गावाच्या उत्तरेला, हायवेने चाळीस मिनिटांवर, त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. म्हातारा म्हणजे रायफली जुळवून देणारा कारागीर. तुमच्याच वयाचा असेल, तेव्हा मला तुम्ही दोघेही म्हातारेच वाटायचात. त्याने टेबलावर फडकं पसरलं आणि दोन अ‍ॅक्शन ठेवल्या. अ‍ॅक्शन म्हणजे काय हे तुम्हाला शिकवायला नको, पण तुमच्या सुनेला मी जसं सांगितलं होतं तसंच लिहितो: नळी पुढे, लाकूड खाली, आणि मधे हे पोलादाचं घर, ज्यात बोल्ट पुढे सरकतो आणि कडी लागल्यासारखा बसतो. काडतूस फुटलं की सगळा दाब त्या कडीवर येतो. आणि नेम धरणाऱ्याचा गाल त्या घराच्या मागे वीतभर अंतरावर टेकलेला असतो. ती म्हणाली होती, म्हणजे कुकरच्या झाकणाला गाल लावून बसायचं! तुम्ही हसला होतात त्यावर, म्हणाला होतात, पोरीला कळलं.

एक अ‍ॅक्शन होती मोठ्या कारखान्याची, एका जुन्या शिकारी रायफलीतून काढलेली. हजारोंनी बनतात तसली. म्हातारा तिच्या आतल्या बाजू पुन्हा कापून, घासून सरळ करून देणार होता. दुसरी एका छोट्या कारागिराने एकेक करून बनवलेली, कुणीतरी ऑर्डर कॅन्सल केली म्हणून म्हाताऱ्याकडे पडलेली. तुम्ही दोन्ही हातात घेतल्या. डोळे मिटलेत आणि बोल्ट मागे-पुढे केलात, आधी एकीचा, मग दुसरीचा. म्हातारा बघत होता. त्याला तुमची भाषा येत नव्हती, पण तुमचे हात त्याला कळत होते, त्याने मला डोळ्याने खूण केली. तुम्ही दुसरी माझ्यापुढे सरकवलीत. "ही घे. कारखान्याची घेऊ नकोस." मी म्हणालो, अण्णा, हिचं तर नाव आहे, सगळा देश वापरतो. "नाव असू दे. कारखान्याची नको."

ती घ्यायला हरकत नव्हती, पैशांची थोडी ओढाताण झाली असती इतकंच. पण मी कारखान्याचीच घेतली. आधी सांगायचो की म्हाताऱ्याला जुन्या पोलादावर काम करायला आवडायचं म्हणून, क्लबातले सगळे तीच वापरायचे म्हणून, अमकं म्हणून नि तमकं म्हणून. खोटं. तुम्ही 'नको' म्हणालात म्हणून घेतली. पस्तिशीचा घोडा, दोन पोरांचा बाप, पण तुम्ही नको म्हणालात की माझ्या अंगात अजून दहावीतला कार्टा शिरायचा. वर तुम्हाला गाडीत ऐकवलं, "एकतीस वर्षं कारखान्याच्या पगारावर जेवलो आपण, आणि आता कारखान्याचा माल नको?" उचलली जीभ लावली टाळ्याला.

तुम्ही उत्तर दिलंत ते दुसऱ्या दिवशी, रविवारी, स्वयंपाकघरात. तुमची सून पोहे परतते आहे. तुम्ही टेबलाशी शेंगदाण्यांची सालं काढताय, हातांना काम हवं म्हणून. आणि माझ्याकडे न बघता सुरू करता. तपासणीच्या टेबलाखाली एक लाल डबा असायचा. शंका आली की तुकडा लाल डब्यात. खात्री लागत नाही, शंका पुरे, असं तुम्ही नव्या पोरांना शिकवायचात. एका वर्षी मार्चअखेर आली आणि माल कमी पडला. साहेब स्वतः लाल डब्यातला ट्रे उचलून परत टेबलावर घेऊन आला, म्हणाला, पुन्हा एकदा बघा, इतकं काय सोवळं. तुम्ही पुन्हा बघितलेत. त्यात एक घर होतं, असल्याच अ‍ॅक्शनचं घर, बोल्टची कडी अडकते त्या खाचेपाशी तुम्हाला केसाएवढं काहीतरी दिसलं होतं. दुसऱ्यांदा बघताना ते दिसलं, की दिसायला नको होतं म्हणून दिसलं नाही, हे तुम्हाला सांगता येईना. तुम्ही शिक्का मारलात. "पुढे कुठे गेलं ते?" मी विचारलं. "पलटणीत. कुठल्या, कुणाच्या हातात, कसं कळणार? कुणी येऊन सांगत नाही." मग म्हणालात, "त्यानंतर बारा वर्षं नोकरी केली. पेपरात एखादा जवान सरावात जखमी झाल्याचं वाचलं की घास उतरायचा नाही." तुमच्या सुनेने गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. तुम्ही म्हणालात, "पोहे गार होतील गं." तेव्हा मी तुमचा हात धरायला हवा होता. मी म्हणालो, इथे तसं होत नाही अण्णा, इथे कडक असतं सगळं. काय अक्कल माझी.

नोव्हेंबरात म्हाताऱ्याचा फोन आला की अ‍ॅक्शन तयार आहे, नळी बसवायच्या आधी बघून जा. तुम्ही निघताना तुमच्या थोरल्या नातीच्या पेटीतून खडू घेतलात. ती ओरडली, "आजोबा, दॅट्स माय चॉक!" आणि तुम्ही तिला चॉकलेट देऊन गप्प केलंत. मी विचारलंही नाही, खडू कशाला. दुकानात म्हाताऱ्याने ती मोठ्या प्रेमाने फडक्यावर ठेवली. तीन आठवडे खपला होता तो तिच्यावर, आतून नुसती चमकत होती. मग त्याला घरातून बायकोने हाक मारली, कुणाचा तरी फोन होता, आणि तो 'वन मिनिट' म्हणून गेला. दार बंद झाल्याबरोबर तुम्ही उठलात. कोपऱ्यात सुटे भाग धुवायचं घासलेट होतं. त्यात फडक्याचं टोक बुडवून तुम्ही खाचेच्या आत फिरवलंत. थांबलात. कोरड्या कापडाने पुसलंत. खडू नखाने खरवडून त्याची पूड आत भुरभुरवलीत आणि घर खिडकीकडे धरलंत. मी म्हणत होतो, अण्णा काय करताय, अण्णा ठेवा ते खाली. तुम्ही म्हणालात, "थांब. तडा असला तर घासलेट पितो. मग परत ओकतो."

आणि पांढऱ्यावर एक ओली रेघ उमटली. नखाएवढी लांब. तुम्ही खिशातलं भिंग काढून माझ्या हातात दिलंत. ती रेघ होती की हत्याराचा ओरखडा होता, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला निरनिराळ्या तऱ्हांनी समजावलंय. ओरखडा म्हणून समजावलं, प्रकाश म्हणून समजावलं, तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता म्हणून समजावलं. माझ्या डोळ्यांत नव्हता, अण्णा. मला दिसली. ओरखडा कोरडा असतो, ही ओली होती, आणि आपण बघत असताना वाढत होती.

बाहेर म्हाताऱ्याची पावलं वाजली. मला त्या क्षणी एकच सुचलं: लाज. त्याच्या दुकानात, त्याच्या माघारी, त्याच्या तीन आठवड्यांच्या कामावर आपण खडू चोळत बसलोय. कुणाच्या घरी पाहुणे म्हणून जाऊन त्याच्या भांड्यांना नाक लावून हुंगतं का कोणी? मी तुमच्या हातातून ती अ‍ॅक्शन ओढून घेतली आणि शर्टाच्या बाहीने आतून पुसून काढली. खडू, घासलेट, रेघ, सगळं. म्हातारा आत आला तेव्हा ती फडक्यावर होती आणि तुम्ही उभे होतात. तुम्ही त्याच्याकडे बघून, अगदी सावकाश, एखाद्या साहेबापुढे बोलावं तसं मराठीत म्हणालात, "यांना सांग, पुढच्या खाचेपाशी तडा आहे. काम उत्तम आहे, पोलाद वाईट आहे. ही वापरू नका म्हणावं." म्हाताऱ्याने हसून मला विचारलं, "व्हॉट्स युअर डॅड से?"

मी म्हणालो, "ही सेज इट्स ब्यूटिफुल वर्क."

म्हातारा फुलून आला. त्याने हात पुढे केला, तुमचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. तुम्ही हलवू दिलात. आणि माझ्याकडे पाहिलंत. अण्णा, तुम्हाला इंग्रजी बोलता येत नव्हतं, पण नापास तुकड्यांना लावायची चिठ्ठी तुम्ही एकतीस वर्षं इंग्रजीत लिहीत होतात. क्रॅक हा शब्द तुम्ही हजारदा लिहिला असेल. मी तो उच्चारला नाही, हे तुम्हाला कळलं. तुम्ही स्वतः बोट दाखवून म्हणू शकला असतात, क्रॅक. एक शब्द. म्हातारा तिथल्या तिथे काम थांबवून दिवा घेऊन बसला असता, तो तसा माणूस होता. तुम्ही का नाही बोललात? परक्या माणसासमोर पोराचा पाणउतारा नको म्हणून. दुसरं कारण असूच शकत नाही. लहानपणी चार लोकांत तुम्ही मला कधी रागावला नाहीत, घरी आल्यावर कान पिळायचात. म्हणून मी गाडीत वाट बघत होतो. चाळीस मिनिटं हायवे. घर आलं, तुम्ही चपला काढल्यात, हात धुतलेत आणि थोरलीला उरलेला खडू परत दिलात. कान पिळायचं वय गेलं असं तुम्ही ठरवलंत वाटतं.

डिसेंबरात रायफल पूर्ण झाली. पहिल्यांदा ती चालवायच्या दिवशी तुम्ही न सांगताच कोट घालून तयार होतात. रेंजवर वारं होतं, झेंडा फडफडत होता, आणि म्हातारा स्वतः आला होता, आपलं काम बघायला. मी बाकाशी बसलो, लाकडाला गाल टेकवला. तुम्ही येऊन माझ्या उजव्या अंगाला उभे राहिलात, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि मग वाकलात. तुमचा चेहरा त्या पोलादापासून माझ्याइतकाच जवळ. म्हातारा मागून ओरडला, सर, पिवळ्या रेघेच्या मागे या. तुम्हाला काहीच कळलं नाही असं तुम्ही दाखवलंत. त्याने मला सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं, अण्णा, मागे व्हा. "मी इथे बरा आहे. तुला मारायचं तर मार." तुमच्या श्वासाला सुपारीचा वास येत होता. मला वाटत होतं, आता उठावं, आता म्हणावं की नको, चुकलं माझं, घरी जाऊ. शंभर टक्के म्हणावंसं वाटत होतं. म्हातारा घड्याळ बघत होता, शेजारच्या बाकावरचे दोघे थांबून राहिले होते. मी चाप ओढला.

काही झालं नाही. पाच गोळ्या मारल्या, पाचही कागदावर एका बशीत मावतील अशा. म्हाताऱ्याने शीळ घातली. मी उठलो तेव्हा मला तुमच्यावर मात केल्यासारखं वाटलं, काय सांगू. म्हणालो, "बघा. झालं काही?" तुम्ही बोल्टवर तळहात ठेवलात, ताप बघतात तसा. म्हणालात, "अजून नाही."

फेब्रुवारीत तुम्ही परत गेलात. विमानतळावर थोरलीचे पापे घेतलेत, सुनेला आशीर्वाद दिलात, आणि मला म्हणालात, "जपून राहा." सगळे बाप तेच म्हणतात. जूनमध्ये तार आली. तुम्ही दुपारी जेवून आडवे झालात आणि उठला नाहीत. मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तिथून परतल्यावर मी ती रायफल घेऊन तीनदा रेंजवर गेलो. प्रत्येक गोळीआधी तुमचं ते 'अजून नाही' ऐकू यायचं. नेम लागेना, माणूस डोळे मिटून चाप ओढायला लागला तर लागणार कसा? म्हाताऱ्याकडे जाऊन सांगायचं होतं की पुन्हा एकदा तपासा. दोनदा त्याच्या फाट्यापर्यंत गेलो. पण त्याला सांगायचं म्हणजे मी बाहीने काय पुसलं तेही सांगायचं, आणि तुमच्या तोंडी घातलेलं ते वाक्यही परत घ्यायचं. तो मला भेटला की दर वेळी विचारायचा, तुझे वडील कसे आहेत, काय हात होते त्या माणसाचे! तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा त्याने टोपी काढली. ज्याने माझ्या कामाला सुंदर म्हटलं, म्हणाला, तो स्वतः कारागीर होता.

ती तोडून फेकायची होती. एका करवतीचं काम. पण मी ती विकली. शाळेत विज्ञान शिकवणारा एक सरळ माणूस होता क्लबात. त्याला पाच गोळ्यांचा तो कागद आठवत होता. आमच्या गॅरेजमध्ये उभं राहून त्याने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "हिच्याबद्दल मला कळायला हवं असं काही आहे का?" अण्णा, विचारलं त्याने. ताकाला जाऊन भांडं लपवायची मलाच सवय, तो बिचारा भांडं पुढे धरून उभा होता. मी म्हणालो, "माझ्या वडिलांनी स्वतः तपासलीय. एकतीस वर्षं रायफलीच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते." यातला एक शब्द खोटा नाही. त्याने लगेच पेटी बंद केली, म्हणाला, मग आणखी काय हवं. तुम्ही तेव्हा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी तुमचा शिक्का तुम्हीच नापास केलेल्या तुकड्यावर मारून दिला. साहेबाने तुमच्याकडून जे करून घेतलं ते मी कुणी न सांगता केलं.

त्यानंतर तुमचं घास न उतरणं माझ्याकडे आलं. मी क्लब सोडला. गावच्या पेपरात कुठे रेंजवर अपघात म्हटलं की आधी वय बघायचो, मग नाव. तो माणूस दिसायचा अधूनमधून, किराण्याच्या दुकानात, दोन्ही डोळे शाबूत, दहाही बोटं शाबूत. मी त्याची बोटं मोजायचो, सफरचंदं निवडताना. एकदा म्हणाला, रायफल फार कमी चालवतो हल्ली, खांदा दुखतो. मला इतका आनंद झाला की मी त्याला जेवायला बोलावलं. तो खांदा दुखत राहो अशी मी प्रार्थना केली आहे, आणि ती फळलीही. आता तो गेला, आणि त्याची नात खांद्याने चांगली आहे. आवाजावरून पंचवीसची असेल. हसत होती बोलताना.

आज सकाळी तुमची सून देवळात गेली आणि मी फोन केला. तिने उचलला नाही, मशीन लागलं. पहाटेपासून पाठ केलं होतं तसं म्हणालो: ती रायफल कृपा करून चालवू नका. अ‍ॅक्शनला तडा आहे, पुढच्या खाचेपाशी. क्रॅक. माझ्या वडिलांना तो सापडला होता आणि त्यांची चूक होत नसे. तेवढं नीट म्हणालो. मग वाटलं, ती विचारील ना, मग इतकी वर्षं का नाही सांगितलं? तर त्याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं, ते आपोआप तोंडातून आलं. दुपारी पुन्हा केला, संध्याकाळी पुन्हा केला, वाजत राहतो. ते क्लबचे लोक आदल्या दिवशीच तिकडे जाऊन मुक्काम करतात, आणि त्या रेंजवर फोनला सिग्नल मिळत नाही. मॅच उद्या नऊला आहे. मी पहाटे निघणार आहे, गाडीत पेट्रोल भरून ठेवलंय, तुमच्या सुनेला अजून सांगितलेलं नाही. वेळेवर पोचलो तर त्या मुलीसमोर उभं राहून सगळंच सांगावं लागेल, आणि मी ते सांगेन की नाही हे मला खरंच माहीत नाही. कारण मशीनवर मी म्हणालो, वडिलांनी मला हे फार उशिरा सांगितलं.